प्रकरण अकरावं: ब्रायसला बाहेर काढलं

लिबीने आपल्या सख्ख्या भाच्याला भर सामन्यात मैदानाबाहेर काढलं, त्याला दोन दिवस झाले होते. रविवारी तिच्या बाबांचा ऐंशीवा वाढदिवस होता. जेवायला ये, असं तिला कोणी म्हटलं नव्हतं. पण येऊ नकोस, असंही कोणी म्हटलं नव्हतं. कुबेनांच्या घरात याला आमंत्रण म्हणत.

ती प्रार्थना आटोपून थेट चर्चवरूनच गेली. अंगणात तिच्या भावाचा, मार्विनचा ट्रक उभा होता आणि तो नेमका अशा जागी लावला होता की दुसरी गाडी आत येऊ नये. लिबीने आपली गाडी रस्त्यावरच लावली आणि पेकानच्या झाडाखालून चालत गेली. पायाखाली त्याची अक्रोडासारखी फळं कुरकुरत होती. या वर्षी ती कोणी वेचली नव्हती. सगळं घर सामन्यांत गुंतलं होतं.

ब्लाटना गावच्या शाळेत एके काळी अकराजणांचा अमेरिकन फुटबॉल होता, हेल्मेट घालून आणि चेंडू हातात धरून खेळायचा. तिचे बाबा, एमिल कुबेना, एकतीस वर्षं त्या टीमचे कोच होते. मग आया आपल्या पोरांना बेसबॉलला घालू लागल्या, शेतं विकून माणसं ह्यूस्टनला गेली, आणि फुटबॉल सहाजणांचा झाला. आता मार्विन कोच होता, आणि त्याच्याकडे राखीव धरून नऊ पोरं होती. एमिल म्हणायचे, असंच चाललं तर पुढेमागे दोघांचा फुटबॉल होईल. त्याला मारामारी म्हणतात, आणि ती आपल्याकडे आधीपासून आहे.

पोरं मिळत नव्हती तसे पंचही मिळत नव्हते. शिव्या खाऊन वर गाडीपर्यंत पाठलाग करून घ्यायला कोण तयार होतो? लिबी तयार होती. शुक्रवारचा मुख्य पंच ऐन वेळी आजारी पडला, तेव्हा समोरच्या टीमच्या, सांता इनेसच्या कोचने मार्विनला स्वतःहून सांगितलं, "तुझ्या बहिणीला घे. मला चालेल. ती तुझ्यावर जास्त चिडते."

चारपैकी तिसऱ्या डावात सांता इनेसच्या मुलाने, एलिसेओ बारेराने, चेंडू लांब फेकला आणि तो कुठे पडतोय ते बघत उभा राहिला. चेंडू पडला. शिट्टी झाली. त्यानंतर मार्विनचा मुलगा ब्रायस आला, डोकं खाली घालून, आणि त्याचं हेल्मेट एलिसेओच्या हनुवटीखाली शिरलं. लिबीने नियमभंगाचा पिवळा रुमाल टाकला आणि ब्रायसला हाताने बाहेरचा रस्ता दाखवला. ब्लाटना जिंकली. एलिसेओला हेलिकॉप्टरने व्हिक्टोरियाच्या दवाखान्यात नेलं. नियम असा की ब्रायसला पुढच्या सामन्याचा पहिला अर्धा भाग बाहेर बसावं लागणार होतं.

स्वयंपाकघरात मार्विनची बायको शेरी सॉसेज कापत होती. लिबी आत आल्यावर तिने दार पायाने लोटून बंद केलं.

"सामन्यांच्या समितीचा फोन कधी यायचाय तुला?" तिने विचारलं.

"उद्या."

"काय सांगणार आहेस?"

"दिसलं ते."

शेरीने आणखी दोन तुकडे कापले. "मार्विनचं म्हणणं, तू नुसतं 'माझी चूक झाली असेल' एवढं म्हटलंस तर शिक्षा उठते. पुढच्या सामन्याला कॉलेजच्या टीमची माणसं येणार आहेत ब्रायसला बघायला. पहिल्या अर्ध्यात तो बाकावर बसलेला दिसला तर ती कॉफी पिऊन परत जातील."

"मला माहीत आहे."

"मी काल दवाखान्यात फोन केला होता," शेरी खालच्या आवाजात म्हणाली. "मानेच्या मणक्याला चीर गेलीय. डावा हात अजून बधिर आहे. त्याची आई माझ्याशी नीट बोलली. मला ते जास्त लागलं." तिने सुरी पुसली. "मला हा खेळ घरात नकोय, लिबी. पण हे मी बोलले तर माझं लग्न मोडेल. तेव्हा तू उद्या काही बदलू नकोस. आणि टेबलावर मी तुझ्याशी भांडणार आहे, ते मनावर घेऊ नकोस."

"बरं," लिबी म्हणाली. "कोबी मी नेते."

टेबलाच्या टोकाला एमिल बसले होते. उजव्या हाताची दोन बोटं सरळ होत नसल्यामुळे ते चमचा मुठीत धरत. एक बोट शाळेत खेळताना कोणीतरी चावलं होतं, दुसरं कॉलेजात. चावणाऱ्यांची नावं ते आदराने सांगत. त्यांच्या शेजारी आई, व्लास्ता, त्यांच्या शेवयांच्या सुपात फुंकर घालत होती. आईने बाबांच्या सुपात फुंकर घातलेली लिबीने यापूर्वी पाहिली नव्हती.

ब्रायस दुसऱ्या टोकाला होता. सतरा वर्षांचा, मान खांद्यांपेक्षा फारशी बारीक नसलेला. तो ताटाकडे बघत जेवत होता.

"माझं म्हणणं साधं आहे," मार्विन म्हणाला. वाढदिवसाच्या शुभेच्छा तेवढ्यात देऊन झाल्या होत्या. "तू कुठे उभी होतीस? मागे. तुला तिथून नीट बघायला कोन मिळाला नव्हता. कोन मिळाला नव्हता एवढंच सांग. खोटं बोल असं मी म्हणतच नाही."

"मला कोन मिळाला होता."

"घरच्या पोराच्या बाबतीत इतका चांगला कोन बरा मिळतो तुला," शेरी म्हणाली. ती भांडायला लागली होती, आणि चांगली भांडत होती. "त्याला लहानपणी कडेवर घेऊन फिरलीस आणि आता सगळ्या गावासमोर चोरासारखा हाकललास."

"शेरी, तिला बोलू दे," मार्विन म्हणाला.

"तू मध्ये पडू नकोस. मी तुझ्याच बाजूने बोलतेय."

मार्विन बाबांकडे वळला. आयुष्यात कुठलाही वाद अडला की तो बाबांकडे वळत असे. "बाबा, तुम्ही सांगा. तुमच्या वेळी यावर रुमाल तरी टाकला असता का कोणी?"

एमिलनी चमचा खाली ठेवला. "आमच्या वेळी रुमाल नाक पुसायला असायचा," ते म्हणाले.

मार्विन मोठ्याने हसला. शेरीही हसली, कारण तिला हसणं भाग होतं. व्लास्ता हसली नाही. लिबी ब्रायसकडे बघत होती. तो सुद्धा हसला नव्हता. तो आजोबांकडे बघत होता, दार आपोआप उघडेल की काय अशा भीतीने माणूस दाराकडे बघतो तसा.

"ब्रायस," ती म्हणाली, "बाहेर चल जरा. माझी गाडी लावायचीय, तुझ्या बापाचा ट्रक काढून दे."

बाहेर आल्यावर तिने गाडीचा विषय काढला नाही.

"टोपी पाहिलीस ना तू?" तिने विचारलं.

"कुठली टोपी?"

"मी याच मैदानावर लहानाची मोठी झालेय. बाबांनी टोपी काढून गुडघ्यावर उलटी ठेवली की काय समजायचं, ते मला तू जन्मायच्या आधीपासून माहीत आहे. समोरच्यांचा चांगला पोरगा उचला, म्हणजे पाडून सामन्याबाहेर घालवा. तुझ्या बापाने या खुणेवर तीन पोरं उचलली. अगदी लहान होते तेव्हा मला वाटायचं, बाबांना उकडतंय."

ब्रायस ट्रकच्या दाराला टेकला. एमिलना मान म्हणून मैदानाच्या कडेला एक खुर्ची दिली होती. गेली कित्येक वर्षं ते तिथे बसून नुसता सामना बघत. त्या खुर्चीतून खूण त्यांनी कधीच केली नव्हती. शुक्रवारी केली.

"कोणाला सांगू नकोस, आत्या."

"का?"

"ते माझ्याकडे बघून नव्हते करत." त्याने पायाने एक पेकान दाबलं. "ते मला मार्विन म्हणतात. इस्टरपासून. आजी म्हणाली, बापाला सांगू नकोस, त्याचा सीझन चालू आहे. सामन्याच्या आधी ते मला म्हणाले, 'मार्विन, आज खूण बघ.' मला वाटलं विसरतील. त्यांनी टोपी काढली."

"आणि तू गेलास."

"त्यांनी सांगितलं ना."

लिबीला त्याच्यावर रागवायचं होतं. रागवण्यासारखं बरंच होतं. पण तिला दिसलं ते एवढंच की या मोठ्या अंगाच्या पोराला आयुष्यात एकदाच आजोबांची खूण मिळाली, आणि ती सुद्धा दुसऱ्याच्या नावाची. तिने त्याच्या हातातून किल्ली घेतली आणि ट्रक स्वतः बाजूला केला.

ती दोघं आत परत आली तेव्हा कोलाचे वाढून झाले होते, खसखस आणि जर्दाळू भरलेले गोड पाव. व्लास्ता मात्र उरलेले कोलाचे पुठ्ठ्याच्या खोक्यात भरत होती.

"त्या मुलाला बघायला जायचंय," ती म्हणाली.

"आई, शाळेच्या वकिलाने सांगितलंय, त्या घराशी कोणी बोलायचं नाही," मार्विन म्हणाला.

"मी शाळेत नाही."

"तुम्ही गेलात म्हणजे आपण चूक कबूल केली असं होतं."

"कोलाचे दिले असं होतं," व्लास्ता म्हणाली. "लिबी गाडी चालवेल. ब्रायस, तू चल. एमिल, कोट घाला."

मार्विनला पुढच्या टीमच्या सामन्यांची चित्रफीत बघायची होती, म्हणून तो घरी राहिला. शेरीने ब्रायसची कॉलर उगाच नीट केली आणि लिबीला दारात हळूच म्हणाली, "जमलं का मला?"

"मला खरोखर राग आला होता," लिबी म्हणाली. शेरीला बरं वाटलं.

व्हिक्टोरियाच्या दवाखान्यात एलिसेओची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. तो गळ्यापासून हनुवटीपर्यंत कडक पट्ट्यात पडला होता आणि त्याला फक्त छत दिसत होतं. त्याची आई, ओफेलिया बारेरा, उठून उभी राहिली. तिने ब्रायसला ओळखलं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं, आणि मग ती व्लास्ताला म्हणाली, "बसा. लांबून आलात."

व्लास्ताने खोकं दिलं. ओफेलियाने घेतलं. दोन्ही बायका तेवढ्यावर थांबल्या.

एलिसेओ छताकडे बघत म्हणाला, "कोण आलंय, आई?"

कोणी उत्तर द्यायच्या आत एमिलनी खुर्ची पलंगाजवळ ओढली होती. त्यांनी टोपी काढली आणि डाव्या हातात धरली. मग पोराकडे नीट वाकून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी कामाला लागलेल्या माणसाचा भाव होता.

"दुखतंय का?"

"थोडं."

"दुखणारच. चेंडू हातातून सुटला की उभं राहून मजा बघायची नाही. किती वेळा सांगितलंय तुम्हाला? फेकला की बाजूला व्हायचं, गुडघे वाकवायचे, आणि आजूबाजूला कोण येतंय ते बघायचं. चेंडू कुठे पडतोय ते लोक बघतील. त्यांनी तिकीट काढलंय."

एलिसेओने आवाजाच्या दिशेने डोळे वळवले. मान वळत नव्हती.

"चुकलं, कोच," तो म्हणाला.

ओफेलियाच्या हातातलं खोकं चेपलं. ती लिबीकडे वळली. हा माझा मुलगा का माफी मागतोय, असं ती विचारणार होती. पण ब्रायस आधी बोलला.

"आजोबा, हा आपला नाही. सांता इनेसचा आहे. याला मी पाडलं."

एमिल वळले. "तू?"

"हो."

"चेंडू याच्याकडे होता?"

"नव्हता."

"शिट्टी?"

"झाली होती."

"मग डोकं कशाला घातलंस?"

एमिलनी खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"मी विचारतोय, तुला असं करायला सांगितलं कोणी?"

व्लास्ता खिडकीबाहेर बघू लागली. लिबीला वाटलं, आता हा सांगणार. सांगितलं तर योग्यच होतं. ओफेलियाला ते कळायचा हक्क होता, पलंगावरच्या पोराला तर होताच. लिबी ब्रायसकडे बघत राहिली आणि ब्रायस त्या टोपीकडे.

"कोणी नाही," तो म्हणाला. "मीच केलं."

एमिलनी मान हलवली. त्यांना पटलेलं दिसलं. "असली पोरं मी ठेवत नाही," ते म्हणाले, आवाज न चढवता. "तुझं अंग चांगलं आहे, पाय चांगले आहेत, पण असली पोरं मी ठेवत नाही. उद्या कपडे जमा कर. हेल्मेट पुसून दे."

"हो, कोच," ब्रायस म्हणाला.

मग तो पलंगाच्या पायथ्याशी गेला, जिथे एलिसेओला तो दिसू शकेल. "मला काही बोलता येत नाहीये," तो म्हणाला.

एलिसेओने त्याच्याकडे डोळे वळवले. "तू आलास ते मला दिसलंच नाही," तो म्हणाला. "हात येईल म्हणतात. फेकायचा हात आहे तो माझा. डावरा आहे मी."

ओफेलिया म्हणाली, "आता निघा तुम्ही." ती रागाने म्हणाली नाही. खोक्याचा चेपलेला कोपरा ती बोटाने सरळ करत होती.

परतीच्या रस्त्यावर एमिल मागच्या सीटवर झोपले. कापूस वेचून झालेली शेतं दोन्ही बाजूंनी मागे जात होती. लिबीने विचारलं, "खरं का नाही सांगितलंस त्यांना?"

"काय उपयोग?" ब्रायस म्हणाला. "उद्या परत सांगायला लागलं असतं. रोज एकदा."

व्लास्ताने मागून हात पुढे केला आणि त्याच्या खांद्यावर ठेवला. ब्लाटना येईपर्यंत तो तिथेच होता.

सोमवारी सकाळी ब्रायसने हेल्मेट पुसून, कपडे घडी करून शाळेत टीमच्या खोलीत ठेवले. मार्विनला वाटलं पोरगं रुसलंय, शनिवारच्या सामन्यापर्यंत येईल ताळ्यावर. शेरीने त्याला तसंच वाटू दिलं.

दुपारी समितीचा फोन आला. पलीकडचा माणूस अदबीने बोलत होता. कोन मिळाला होता का? मिळाला होता. शिट्टीनंतर झालं, याची खात्री आहे? शिट्टी मीच वाजवली होती, लिबी म्हणाली. मग त्याने विचारलं, आणखी काही सांगायचंय?

लिबी पोर्चमध्ये उभी होती. तिला ठाऊक होतं, टोपीबद्दल सगळं सांगितलं तर शनिवारचा सामना होणारच नाही, मार्विनची नोकरी जाईल, आणि बाबांचं नाव पेपरात येईल. बाबांना ते वाचून दुसऱ्या कोणाचं तरी वाटेल. काहीच सांगितलं नाही, तर शनिवारी ते पुन्हा त्या खुर्चीत बसतील आणि समोर पुन्हा कोणीतरी पोरगं उभं असेल.

"ब्लाटनाच्या बाजूला एक म्हातारा माणूस खुर्ची टाकून बसतो," ती म्हणाली. "त्याला यापुढे मैदानाच्या कडेला बसू देऊ नका. प्रेक्षकांत बसवा."

"कोण आहेत ते?"

"माझे वडील."

"काही गैरवर्तन?"

"त्यांनी खूण केली आणि एका पोराने ती मानली."

"हे नोंदवून घ्यायचं?"

"घ्या," लिबी म्हणाली. "खूण करणाऱ्याला ती आता आठवत नाही, हेही घ्या. बाकीचं तुम्ही ठरवा."

समितीने पुष्कळ विचार करून थोडंसं ठरवलं. सामना होऊ द्यायचा, खुर्ची काढायची, चौकशी सीझन संपल्यावर. मार्विनला बुधवारी कळवलं. तो लिबीच्या घरी आला आणि पोर्चच्या पायरीवर उभा राहिला.

"ब्रायस म्हणतो, इस्टरपासून?" त्याने विचारलं.

"आई म्हणते, त्याआधीही थोडं होतं."

"ब्रायसला मार्विन म्हणायचे ना ते? मला तर मार्विनच म्हणतात."

"म्हणूनच तुला कळलं नाही," लिबी म्हणाली.

तो गेला. ती पण आत गेली.

शनिवारी दुपारी सामना झाला. लिबी पंच नव्हती. ती बाकांच्या वरच्या ओळीत बसली होती, शेजारी आई, बाबा, आणि पलीकडे साध्या कपड्यांतला ब्रायस. खाली कॉलेजची दोन माणसं कॉफी पीत होती. ब्लाटना वीस गुणांनी मागे होती आणि मार्विनचा आवाज बसला होता. एमिल सामना मन लावून बघत होते. मध्येच त्यांनी ब्रायसला विचारलं, "तू का नाही खेळत?"

"मला काढलंय, कोच."

"कशासाठी?"

"शिट्टीनंतर एकाला पाडलं."

"मग बरोबर काढलं," एमिल म्हणाले, आणि पुन्हा मैदानाकडे वळले.

अर्धा सामना संपला. शिक्षा संपली. पोरं पाणी पीत असताना मार्विन कुंपणावरून चढून बाकांच्या पायऱ्या चढत वर आला. त्याच्या हातात ब्रायसचं हेल्मेट होतं.

"आता येऊ शकतोस," तो मुलाला म्हणाला. "कपडे खाली ठेवलेत. चल."

"मला काढलंय, बाबा."

"मी कुठे काढलंय?"

ब्रायसने आजोबांकडे बघितलं. मार्विननेही बघितलं. बाबांनी टीममधून काढलेल्या कोणालाही मार्विनने आजवर परत घेतलं नव्हतं. तसं करता येतं, हे त्याच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. शेरी दोन ओळी खाली बसली होती. ती वळून बघत होती आणि या वेळी कोणाच्याच बाजूने बोलत नव्हती.

"त्याला मी काढलंय, मार्विन," एमिल म्हणाले. "दुसरा कोणीतरी पाठव."

मार्विनचं हेल्मेट धरलेला हात खाली आला. "आठच उरलेत, बाबा," तो म्हणाला.

"सहाच लागतात," एमिल म्हणाले.

मार्विन आणखी थोडा वेळ उभा राहिला. मग हेल्मेट घेऊन पायऱ्या उतरला आणि आपल्या आठ पोरांकडे गेला.